पेपर एक, पेपर दोन

अकरावी सायन्सच्या प्रवेश अर्जावर एक छोटा रकाना असायचा: बायफोकल विषय. कॉलेज कुठलं, क्लास कुणाचा, पुढे इंजिनिअरिंग की मेडिकल, यावर घराघरांत रात्री जागवल्या जायच्या. पुढची दोन वर्षं मुलांच्या दुपारी कुठल्या प्रयोगशाळेत जाणार, हे ठरवणारा हा रकाना मात्र ऐनवेळी, खिडकीसमोरच्या रांगेत पुढच्याच्या अर्जात डोकावून भरला जायचा. विषय निवडणं म्हणजे त्या वयातला पहिला खरा निर्णय. तो इतक्या घाईत घेतला जात होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

ज्यांनी बायफोकल पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बायफोकल घेतलं की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडायचा आणि त्या दोघांच्या जागी २०० मार्कांचा एकच व्यवसायविषय घ्यायचा. त्याचे दोन पेपर. प्रत्येकाला ५० मार्कांची लेखी आणि ५० मार्कांची प्रात्यक्षिक परीक्षा. गणित ठेवणाऱ्या मुलामुलींचं जीवशास्त्र सुटायचं आणि मराठीही. विषयांची यादी बघितली तर सगळा महाराष्ट्र तिच्यात दिसायचा. इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, जनरल सिव्हिल, स्कूटर अँड मोटरसायकल सर्व्हिसिंग, क्रॉप सायन्स, डेअरी, समुद्राकाठी फिशरीज. आणि कॉम्प्युटर सायन्स. प्रत्येक कॉलेजात सगळे विषय नसत. जिथे ज्याचा शिक्षक आणि ज्याची लॅब, तिथे तो विषय.

आमच्या सांगलीतल्या कॉलेजात माझ्यासमोर इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स असे दोनच पर्याय होते. साल २००२. अमेरिकेतल्या डॉटकॉम कंपन्या कोसळल्याला फार दिवस झाले नव्हते. पुण्या-बंगळूरला नोकरीला लागलेली गल्लीतली मुलं परत येऊन बसली होती आणि त्यांच्याकडे बघून मोठी माणसं मान हलवत. काकांचं मत स्पष्ट होतं. इलेक्ट्रॉनिक्स घे, सोल्डरिंग गन हातात आली की पोटाला कधी कमी पडत नाही. दुसऱ्या बाजूला एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स सुरू होऊन वर्षच झालं होतं. तालुक्यातालुक्यांत त्याच्या पाट्या लागल्या होत्या आणि कॉम्प्युटर हा शब्द भाजीमंडईतही ऐकू येऊ लागला होता. मला सोल्डरिंगची भीती नव्हती. पण पडद्यावर आपण लिहिलेली ओळ यंत्राने पाळावी, याचं आकर्षण त्याहून मोठं होतं. मी कॉम्प्युटर सायन्स लिहिलं.

माझे वडील माध्यमिक शाळेत मराठी शिकवायचे. त्यांच्या मुलीच्या मार्कलिस्टवर बारावीला मराठी नसणार होतं. त्यांनी अर्ज वाचला, सही केली आणि एकच गोष्ट मागितली. लॅबमध्ये जे शिकशील ते रोज रात्री जेवताना मला मराठीत सांगायचं. ती दोन वर्षं मी ताटावर बसून रजिस्टर, बस, स्टॅक, पॉइंटर समजावत होते. इंग्रजी पुस्तकातली व्याख्या पाठ म्हणून दाखवली की ते विचारायचे, 'म्हणजे तिथे नक्की काय होतं?' माझ्या शिक्षणाचा अर्धा भाग त्या प्रश्नाने केला.

पेपर एक म्हणजे सॉफ्टवेअर: ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर्स, सी प्लस प्लस, एचटीएमएल. पेपर दोन म्हणजे यंत्राच्या पोटात: ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर, त्याच्या सूचना, त्याच्यावरचे प्रोग्रॅम, पुढे एक्स८६ घराणं, ८०५१ मायक्रोकंट्रोलर, नेटवर्किंग. पहिल्याच महिन्यात वर्ग दोन गटांत विभागला गेला. पेपर एकवाले आणि पेपर दोनवाले. परीक्षा सगळ्यांनाच दोन्ही द्यायची होती. पण कुणाचा जीव कशात आहे ते जर्नलवरून कळायचं. पेपर एकवाल्यांच्या जर्नलमध्ये फ्लोचार्ट पट्टीने आखलेले असत. पेपर दोनवाल्यांच्या जर्नलमध्ये ८०८५च्या ४० पिनांची आकृती इतक्या वेळा काढून झालेली असे, की शेवटची काढताना पुस्तक उघडावं लागत नसे.

आधी पेपर एकचं सांगते. टर्बो सी प्लस प्लस ज्यांनी वापरलं आहे त्यांना तो निळा पडदा आणि त्यावरची पिवळी अक्षरं अजून डोळे मिटल्यावर दिसतात. माऊस लागायचा नाही. एफ२ दाबून सेव्ह, कंट्रोल एफ९ दाबून रन, ऑल्ट एफ५ दाबून उत्तर बघायचं. पहिली ओळ आयोस्ट्रीम डॉट एच, दुसरी कोनियो डॉट एच, सुरुवातीला सीएलआरएससीआर आणि शेवटी गेटसीएच. ही शेवटची ओळ नसली की उत्तर डोळ्यांसमोरून निघून जायचं आणि पडदा पुन्हा निळा. एका मशीनवर आम्ही तिघी-तिघी बसायचो. एक टाइप करणार, एक वहीतून वाचून दाखवणार, तिसरी अर्धविरामांवर लक्ष ठेवणार. घरी कुणाकडेच कॉम्प्युटर नव्हता, म्हणून प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचे, कागदावरच चालवून बघायचे आणि लॅबचा तास लागला की टाइप करायचे. अवांतर वाचायला बालगुरुस्वामींचं जाडजूड पुस्तक असायचं आणि कुणाच्या तरी इंजिनिअरिंगला गेलेल्या दादाने दिलेलं, पानं सुटलेलं 'लेट अस सी'. त्याचे लेखक यशवंत कानेटकर नागपूरचे आहेत हे कळलं तेव्हा आम्हाला झालेला आनंद मला आठवतो. आपल्याकडच्या माणसाचं पुस्तक सगळा देश वाचतो, ही गोष्ट सांगलीच्या लॅबमध्ये बसलेल्या मुलींना फार मोठी होती.

पेपर दोनची लॅब शेजारच्या खोलीत होती. तिथे पडदे नव्हते. टेबलांवर उघड्या हिरव्या सर्किट बोर्डांचे ट्रेनर किट मांडलेले. प्रत्येकावर आकड्यांचा छोटा कळफलक आणि लाल आकडे उमटणारा डिस्प्ले: चार घरं पत्त्यासाठी, दोन घरं माहितीसाठी. यंत्राशी बोलायचं ते आकड्यांनीच. आपण वहीत असेम्ब्लीमध्ये लिहायचं 'एलएक्सआय एच', मग तक्त्यात त्याचा आकडा शोधायचा, २१, आणि तो दाबायचा. पुढे २०५० हा पत्ता द्यायचा तर तो उलटा, आधी ५०, मग २०. पुढच्या घरावर जायला 'आयएनएक्स एच', २३. तिथली संख्या मिळवायला 'ॲड एम', ८६. शेवटी थांब म्हणायला ७६. एक आकडा दाबायचा, नेक्स्ट दाबायचं, पुढचा आकडा. सात खंडांच्या त्या डिस्प्लेवर ६ आणि बी यांच्यात फक्त वरच्या एका लाल रेघेचा फरक असायचा, आणि त्या रेघेपायी अख्खा तास वाया जायचा.

त्यात भारनियमन. किटमध्ये भरलेला प्रोग्रॅम वीज असेपर्यंतच टिकायचा. चाळीसेक आकडे दाबून झाले आहेत, आता 'गो' दाबायचं आणि पंखा थांबायचा. वीज आली की मेमरीत भलतेच आकडे. पुन्हा २१ पासून सुरुवात. मला ते तास कंटाळवाणे वाटले नाहीत हे मी मनापासून सांगते. दुसऱ्यांदा दाबताना कुठला आकडा कशासाठी आहे ते समजू लागायचं. तिसऱ्यांदा दाबताना दोन आकडे कमी करून तेच काम होईल हे सुचायचं. आमच्या सरांना हे ठाऊक असावं, कारण वीज गेली की ते कुणालाही वही मिटू द्यायचे नाहीत. 'आता डोक्यात चालवा,' म्हणायचे. काळोख्या लॅबमध्ये ओळीने उभ्या मुली बोटांवर ॲक्युम्युलेटरमधली संख्या मोजत असायच्या.

८०८५ हा इंटेलने १९७६ मध्ये आणलेला प्रोसेसर. आम्ही शिकलो तेव्हाच तो जुना झालेला होता. एका वेळी ८ बिट हाताळणारा, ६४ किलोबाइटपर्यंतच पत्ते ओळखणारा. चाळीसच पिना असल्यामुळे पत्त्याचा निम्मा भाग आणि माहिती यांना त्याच आठ तारांवरून आळीपाळीने धावावं लागायचं आणि आत्ता तारेवर पत्ता आहे की माहिती, हे सांगायला एक वेगळी पिन ठेवलेली. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते जेवायचे थांबले होते. 'म्हणजे जागा कमी पडली म्हणून माणसाने ही युक्ती काढली,' ते म्हणाले. मला तोवर वाटत होतं की यंत्र असं असतं कारण ते असंच असायला हवं. ते कुणीतरी, कसल्यातरी अडचणीत, विचार करून तसं केलेलं असतं, हे त्या रात्री कळलं.

दोन्ही पेपर एकमेकांना भेटले तो दिवस मी विसरणार नाही. पेपर एकच्या लॅबमध्ये फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम होता. ५ दिलं, १२० आलं. ७ दिलं, ५०४० आलं. ८ दिलं आणि पडद्यावर उणे २५२१६ आलं. आठ धन संख्यांचा गुणाकार उणे कसा येईल? आम्ही प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा वाचला, चूक सापडेना. सर आले, पडद्याकडे बघितलं आणि आम्हाला शेजारच्या खोलीत घेऊन गेले. फळ्यावर त्यांनी १६ चौकोन काढले. टर्बोमध्ये पूर्णांकाला एवढीच जागा, त्यातला पहिला चौकोन चिन्हासाठी. त्यात सगळ्यात मोठी मावणारी संख्या ३२७६७. खरं उत्तर ४०३२०. ते बायनरीत लिहिलं की पहिल्या चौकोनात १ येऊन बसतो आणि यंत्र त्याला उणे समजतं. ४०३२० मधून ६५५३६ वजा करा म्हणाले. केलं. उणे २५२१६.

वर्गात शांतता नव्हती, आरडाओरडा होता. ज्या मुलींना पेपर दोन नकोसा होता त्या फळ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावरच्या चुकीचं कारण शेजारच्या खोलीत सापडतं, ही माझ्या दोन वर्षांची सगळ्यात मोठी कमाई. इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्यांना नुसती ती खोली मिळाली. कुठल्यातरी खासगी क्लासात नुसतं सी प्लस प्लस शिकलेल्यांना नुसता पडदा. आम्हाला मधलं दार मिळालं.

बारावीची परीक्षा तोंडावर आली असताना, ४ जानेवारी २००४ रोजी, नासाचं स्पिरिट हे रोव्हर मंगळावर उतरलं. वर्तमानपत्रांत फोटो होते. सरांनी कात्रण लॅबच्या दारावर चिकटवलं आणि सांगितलं की याच्याआधी १९९७ मध्ये मंगळावर फिरलेल्या सोजर्नर या छोट्या गाडीत प्रोसेसर होता ८०सी८५. आमच्या टेबलावरच्या चिपचाच भाऊ. ज्या चिपच्या पिना आम्ही पट्टीने काढत होतो ती मंगळावर जाऊन पोचली होती. त्या दिवशी किट पुसून ठेवताना मुलींचे हात जरा वेगळे चालले.

मग २१ जानेवारीला स्पिरिट गप्प झालं. पृथ्वीशी धड बोलेना. त्याचा कॉम्प्युटर सुरू व्हायचा आणि पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू व्हायचा. सरांनी वर्गात विचारलं, 'सांगा, पेपर एक की पेपर दोन?' हात वर झाले, वर्ग दुभंगला. पेपर दोनवाले म्हणाले मेमरीची चिप गेली, तिथली थंडी, तिथली धूळ. पेपर एकवाले म्हणाले प्रोग्रॅम अडकला. काही दिवसांनी उलगडा आला. फ्लॅश मेमरी धड होती, पण तिच्यात साठलेल्या फायलींची संख्या इतकी वाढली होती की त्यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर सुरू होतानाच कोलमडत होतं. अभियंत्यांनी इथून आज्ञा पाठवली की फ्लॅशकडे न बघता सुरू हो, मग नको असलेल्या फायली काढून टाकल्या आणि रोव्हर शुद्धीवर आलं. पेपर एक जिंकला असं आमच्यातल्या निम्म्यांनी जाहीर केलं. पण फ्लॅशला वळसा घालून यंत्र सुरू करता येतं हे ज्यांना माहीत होतं त्यांनीच ते वाचवलं होतं, आणि ते पेपर दोनचं ज्ञान होतं. सरांनी निकाल दिला नाही.

यंदा माझ्या भाचीची दहावी झाली. अकरावीचे प्रवेश आता सगळ्या राज्यात ऑनलाइन होतात. २०२५ पासून सांगली असो की गडचिरोली, पोर्टल एकच. अर्ज जेवणाच्या टेबलावर मोबाइलमध्ये भरला गेला. रांग नाही, खिडकी नाही, पुढच्याच्या अर्जात डोकावायची सोय नाही. एका गोष्टीचं मला फार बरं वाटलं: भाचीने विषयांची चौकशी आधी केली आणि कॉलेजांची नंतर. माझ्या वेळी हे उलटं होतं.

तिच्यासमोरचे पर्याय आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. बायफोकलचं कॉम्प्युटर सायन्स आहेच. त्याच्या शेजारी इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी, ज्याला मुलं नुसतं आयटी म्हणतात आणि जो बहुतेक जण दुसऱ्या भाषेऐवजी घेतात. त्याचं बालभारतीचं पुस्तक मी चाळलं. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, पीएचपी, सर्च इंजिनात आपलं पान वर कसं यावं, ई-कॉमर्स, ई-गव्हर्नन्स. परीक्षा कॉम्प्युटरवर. तिची सीबीएसईतली मैत्रीण तर आणखी वेगळ्या बाजारात उभी आहे. तिथे कॉम्प्युटर सायन्स वेगळं, इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेस वेगळं, २०१९ पासून शाळेतच आर्टिफिशियल इंटेलिजन्सही निवडता येतं आणि सी प्लस प्लसची जागा कधीच पायथॉनने घेतली आहे.

सिडनीत माझा मावसभाऊ राहतो. त्याच्या मोठ्या मुलीने तिथल्या एचएससीला सॉफ्टवेअर डिझाइन अँड डेव्हलपमेंट घेतलं होतं. न्यू साउथ वेल्सच्या त्या अभ्यासक्रमात बाकी सगळं सगळ्यांना सारखं आणि एका घटकापुरती निवड: एक तर प्रोग्रामिंग पॅराडाइम्स, म्हणजे विचार करण्याच्या वेगवेगळ्या रीती, लॉजिकची भाषा वेगळी, ऑब्जेक्टची वेगळी, किंवा सॉफ्टवेअर आणि हार्डवेअरचं नातं, म्हणजे बायनरी, उणे संख्या, लॉजिक गेट, बेरीज करणारं सर्किट. फोनवर तिने हे सांगितलं तेव्हा मी चकित झाले. आमचाच पेपर एक आणि पेपर दोन, पण तिथे दोघांतला एकच निवडायचा! तिच्या शाळेत शिक्षकांनी सगळ्या वर्गासाठी पॅराडाइम्स ठरवलं. तिला दुसरा हवा होता. आता तो विषयच गेला. त्याच्या जागी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग आलं, २०२५ मध्ये त्याची पहिली परीक्षा, आणि धाकट्या मुलीला त्यात सुरक्षितता, वेब, मशीन लर्निंग असं सगळं आहे, पण दोनांतला एक निवडायचा तो घटक नाही. बहिणीबहिणींमध्ये जेमतेम काही वर्षांचं अंतर, आणि एकीला मिळालेला प्रश्न दुसरीला मिळणारच नाही.

आताचं काय चांगलं आहे ते मला मोकळेपणाने सांगायचं आहे, कारण स्मरणात रमलेल्या माणसाचा ते सांगताना हात आखडतो. आम्ही एचटीएमएलचं पान बनवायचो ते लॅबच्या एका मशीनवर, इंटरनेटशिवाय, फ्लॉपीतून उघडून. ते आमच्याखेरीज कुणी पाहिलं नाही. भाचीने सुट्टीत आजोबांसाठी एक पान बनवलं, त्यांच्या जुन्या लेखांचं, आणि माझ्या वडिलांनी ते सांगलीत स्वतःच्या फोनवर उघडून वाचलं. मार्कलिस्टमधून मराठी वजा करून मी जो विषय घेतला होता, त्या विषयातून वडिलांचं मराठी लेखन घरातल्या सगळ्यांपर्यंत पोचलं. हे मला जमलं नव्हतं. मराठीतून प्रोग्रामिंग समजावणारे व्हिडिओ आज शोधावे तितके सापडतात. आमच्या वर्गातल्या मराठी माध्यमाच्या कितीतरी मुली केवळ इंग्रजी पुस्तकाला घाबरून मागे राहिल्या. त्यातल्या चौघींची नावं मी आत्ता घेऊ शकते. त्यांना हे मिळायला हवं होतं.

जुन्या अभ्यासक्रमाची एक बाजू मी राखणार नाही. आयोस्ट्रीम डॉट एच ही ओळ सी प्लस प्लसच्या १९९८च्या प्रमाणात बसत नव्हती, तरी आम्ही ती बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत लिहिली आणि आमच्यामागून आलेल्यांनीही लिहिली. इंजिनिअरिंगला गेल्यावर नवा कंपायलर पहिल्याच ओळीला अडायचा आणि दोन वर्षं शिकलेली मुलं पहिल्या तासाला गोंधळून बसायची. हे नुकसान टाळता येण्याजोगं होतं. मात्र याच न्यायाने ८०८५ला जुनाट म्हणणं मला पटत नाही, आणि लोक ते सतत म्हणतात. भाषा रोज वापरायची असते, ती आजची हवी. शिकण्यासाठीचा प्रोसेसर मात्र डोक्यात अख्खा मावला पाहिजे. ८०८५च्या सूचनांचे प्रकार ७४. त्यांचा तक्ता आम्ही जर्नलच्या आतल्या बाजूला चिकटवायचो, पाच फ्लॅग पाच बोटांवर यायचे. आजच्या फोनमधला प्रोसेसर सोळा वर्षांच्या मुलीला अशा रीतीने कुणीही दाखवू शकणार नाही. बायफोकलमध्ये ८०८५ माझ्यानंतरही अनेक वर्षं टिकला. ठेवणाऱ्यांच्या मनात काय होतं ते असो, मी त्यांची ऋणी आहे.

भाची सुट्टीत जावास्क्रिप्ट शिकत होती. एकदा ती लॅपटॉप घेऊन आली. फॅक्टोरियलच लिहिला होता. माझ्या छातीत काहीतरी हललं. २१ पर्यंत सगळे आकडे नीट येत होते. २२ दिल्यावर एक पॉइंट एक दोन चार अशी सुरुवात, मग बरेच आकडे आणि शेवटी ई अधिक २१. १७१ दिल्यावर तर इन्फिनिटी.

'आत्या, हा ई कुठून आला?'

तिने आधी मोबाइलमधल्या एआयला विचारलं होतं. त्याने उत्तर दिलं होतं, बरोबर दिलं होतं, मराठीतही दिलं होतं. ते वाचूनही ती माझ्याकडे आली. मी तिला विचारलं, म्हणजे तिथे नक्की काय होतं? तिला ते सांगता येईना. उत्तर हातात होतं, पण ते दिसत नव्हतं.

मग मी कागदावर चौकोन काढले. तिच्या जावास्क्रिप्टमध्ये १६ नसून ६४ असतात, आणि त्यांची वाटणीही निराळी: चिन्हाला एक, काही घातांकाला, उरलेले मुख्य आकड्यांना. एका मर्यादेपलीकडे संख्या पूर्ण लिहिणं थांबतं, आणि जी त्या चौकोनांत मावत नाही तिचा अंदाज साठवला जातो. ती म्हणाली, 'म्हणजे हा कॉम्प्युटर मला जवळपास सांगतोय?' मी तिला ०.१ आणि ०.२ ची बेरीज करायला लावली. उत्तर ०.३ च्या पुढे भली मोठी शून्यांची ओळ आणि टोकाला ४. ती बराच वेळ त्या ४ कडे बघत राहिली. पायथॉनमध्ये १००चं फॅक्टोरियल सगळे १५८ आकडे दाखवतं हेही तिने त्याच संध्याकाळी शोधून काढलं आणि मग तो ते कसं करतो, असा प्रश्न तिनेच विचारला.

माझी तक्रार तिच्या पिढीशी नाही. तिच्याकडे प्रश्न आहेत, आमच्याइतकेच. फरक शेजारच्या खोलीचा आहे. आम्ही निवड केली ती एकदाच, महागात, एक भाषा आणि एक विज्ञान सोडून. त्या किमतीत आम्हाला दोन्ही खोल्या मिळाल्या आणि आवड असो-नसो दोन्हींत बसावं लागलं. आज पर्याय पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बहुतेक पडद्यापाशी सुरू होऊन पडद्यापाशीच संपतात. आयटी घेणाऱ्या मुलीला उणे संख्या यंत्रात कशी लिहितात हे बघायला कुणी सांगत नाही. तिला ते अवघड जाईल म्हणून वगळलं असेल तर मी आमच्या वर्गाची साक्ष देते: इंग्रजीला घाबरणाऱ्या मुलीसुद्धा किटवर पुढे होत्या, कारण तिथे भाषा लागत नव्हती, आकडे लागत होते. आयटीच्या वर्षातले चार-पाच तास ८०८५साठी काढले आणि बायफोकलवाल्यांना आजचं सी प्लस प्लस दिलं, तर दोन्हीकडे काही मोडणार नाही. किट विकत घ्यायचीही गरज नाही, ब्राउझरमध्ये चालणारे सिम्युलेटर आहेत आणि फुकट आहेत.

भाचीने अर्जात बायफोकलची सोय असलेली कॉलेजं वर ठेवली होती. यादीत तिला मिळालं ते आयटी असलेलं. दोनेक दिवस ती नाराज होती, आता नाही. पुस्तक तिला आवडलं आहे आणि आजोबांच्या पानावर शोधपेटी बसवायचा तिचा बेत आहे. ८०८५चा सिम्युलेटर आम्ही एका रविवारी एकत्र उघडला. २१, ५०, २० तिने दाबलं तेव्हा पत्ता उलटा का, हे तिने लगेच विचारलं. यात वीज जात नाही, म्हणून मी तिला एक अट घातली आहे: प्रोग्रॅम आधी कागदावर चालवायचा, मग टाइप करायचा. दोन छोट्या संख्यांची बेरीज झाली. आता ती १६ बिटांच्या दोन संख्या मिळवायच्या मागे आहे आणि खालच्या बेरजेतला हातचा वरच्या बेरजेत कसा न्यायचा यावर अडली आहे. सरळ मार्गाने तो ॲड विथ कॅरीने नेता येतो. ७४ सूचनांच्या तक्त्यात हे सगळं काम एका झटक्यात करणारी डीएडी नावाची सूचनाही आहे. तिने एआयला विचारलेलं नाही आणि मीही तिला सांगितलेलं नाही. तक्ता तिच्यापाशी आहे.